आवाज येतात का?

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

आज दादाला नागपूरला दाखवून आणलं, त्याला मुळात स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम तर नाही ना, हे विचारायला. सकाळी सहाची एसटी, परतेपर्यंत अंधार. आई येताना चकार शब्द बोलली नाही. घरी आल्यावर ओसरीतल्या कापसाच्या गाठोड्याला टेकून बसली अन् म्हणाली, "इतक्या वर्साइत हे मले कोनी इचारलंच नाही."

डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, दादा लहानपणी कसा खेळायचा?

दादा आता 37 वर्षांचा आहे. बाबा गेले तेव्हा 22 चा होता. त्या पावसाळ्यात त्याचं बोलणंच बंद झालं, खोलीबाहेर येईना. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. देवऋषी झाला, मग डॉक्टर. मी शेजारीच उभी होते.

"आवाज ऐकू येतात का?"

"हो."

"कधी?"

"रात्री जास्त."

कागदावर स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास होण्याचा मानसिक आजार, लिहिलं गेलं आणि 15 वर्षं तेच पुढे चालत राहिलं.

आवाज खरंच येत होता. वावरातल्या मोटारींना लाइन रात्रीच मिळायची, आणि घरामागची विजेची डीपी (ट्रान्सफॉर्मर) गुणगुणायला लागली की दादा कानावर उशी दाबून बसायचा. माणसांचे आवाज येतात का, इतरांना न येणारे, असं त्याला कुणी विचारलं नाही. जेवढं विचाराल तेवढंच दादा सांगतो. मला हे माहीत होतं. मी तेव्हा बोलायला हवं होतं.

गोळ्यांनी त्याचं अंग सुटलं, हात थरथरायला लागले. ज्याने वेचलेल्या कापसात काडी-पत्ती सापडायची नाही, त्याच्या बोटांत बोंड धरवेना.

सगळ्यात जास्त टोचतं ते हे की मी शिक्षिका आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्यातले 21 प्रकार मला पाठ आहेत, त्यात स्वमग्नताही आहे. वर्गातल्या मुलांचे फॉर्म मी भरले. तिसरीतला एक पोरगा डब्यातली पोळी भाजीला लागली की जेवायचाच नाही, त्याच्यासाठी मी त्याच्या आईवडिलांशी किती बोलले! घरात दादाचं ताट तसंच वेगवेगळं वाढलं जायचं. पण स्वमग्नता म्हणजे लहान मुलांचं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. ती मुलं मोठी होतात, हे सुचलंच नाही.

मागचे काही दिवस वाचत होते. ऑटिझम हा शब्दच मुळात ब्लॉयलर या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं वर्णन करताना काढला. कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अशा 11 मुलांवर लिहिलं, तरी अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या निदानपुस्तकात वेगळी नोंद व्हायला 1980 उजाडलं. म्हणजे गोंधळ आमच्या तालुक्यापुरता नव्हता. कमी बोलणं, नजर न देणं, चेहऱ्यावर भाव न दिसणं, हे वरून दोन्हीकडे सारखंच दिसतं. फरक कळायला मागे जावं लागतं. स्किझोफ्रेनिया बहुतेक वेळा तरुणपणी सुरू होतो, स्वमग्नता मात्र पाळण्यापासूनची असते.

बाईंनी घाईने काही ठरवलं नाही. काहींना दोन्ही असतं म्हणाल्या, अजून दोन-तीनदा बघतील. गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करायची नाही, कमी करायची झाली तर त्याच हळूहळू करतील, हे तीनदा बजावलं.

स्वमग्न हा शब्द मला पटत नाही. गोठ्यात कुठल्या बैलाने रवंथ कमी केला हे सगळ्यांच्या आधी दादाला कळतं. तो स्वतःत कुठे मग्न आहे?

पुढच्या वेळी लहानपणचं लिहून आणायला सांगितलंय. आईने तान्ह्या पोळ्याचं सांगितलं. पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागत फिरायची, हा अंगणात बैल आडवा करून त्याचं चाक फिरवत बसायचा, संध्याकाळपर्यंत. कुणी बैल उभा केला की रडून गाव डोक्यावर घ्यायचा.

झोपली म्हणून वही मिटत होते, तर आई परत उठून आली. "लिव्ह बाई, तो वर्साचा असतानी..."