आधी काळ्या पट्ट्या

कीबोर्ड वर्गात आणला की पहिल्या तासाला मी मुलांना पांढऱ्या पट्ट्यांना हात लावू देत नाही. सहावीची मुलं कुरकुरतात. घरी दादाने किंवा मोबाईलने 'सी, डी, ई, एफ' शिकवून ठेवलेलं असतं, ते त्यांना लगेच दाखवायचं असतं. तरी मी ऐकत नाही.

तसं आमच्या नागपूरच्या पोरांना हे वाद्य अनोळखी नाही. गणपतीच्या मंडपात, भीमगीतांच्या कार्यक्रमात, लग्नातल्या ऑर्केस्ट्रात त्यांनी ते पाहिलेलं असतं, आणि कंपनी कोणतीही असो, सगळ्यांसाठी तो 'कॅसिओ'च. शाळेत मात्र त्यांनी प्रार्थनेची पेटीच बघितलेली. म्हणून पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, याचा भाता कुठं आहे? हवा कुठून येऊन राहिली?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यातूनच वाद्य समजावता येतं. पेटीत भात्याची हवा पितळेच्या रीडला थरथरवते. इथे पट्टी म्हणजे नुसतं बटण. सूर आतल्या चिपमधून येतो आणि स्पीकरमधून बाहेर पडतो. मग मी एकच पट्टी आधी हळू, नंतर जोरात दाबायला सांगते. साध्या मॉडेलवर आवाज दोन्ही वेळा तेवढाच येतो. टच असलेल्या, म्हणजे बोटाचा जोर ओळखणाऱ्या मॉडेलवर फरक लगेच कळतो आणि मुलांची बोटं आपोआप सावध होतात. पालक विचारतात तेव्हा म्हणूनच सांगते, शेकडो टोन, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज, नसले तरी चालेल, टच असलेलाच घ्या.

आता काळ्या पट्ट्या. दोनचा गट, तीनचा गट, पुन्हा दोनचा, हे मुलं डोळे मिटून बोटांनी चाचपून ओळखतात. तीनच्या गटातली पहिली पट्टी, म्हणजे काळी तीन, तो आपला सा. तिथून फक्त काळ्या वाजवत वर जायचं: सा रे ग प ध, आणि पुढचा सा. भूप रागाचे स्वर आले! यात वर्ज्य, म्हणजे रागात न चालणारा, स्वर लागायला जागाच नाही. ज्या मुलाने आयुष्यात कधी वाद्याला हात लावला नाही, तोही पाच मिनिटांत स्वतःची एक ओळ रचतो, आणि ती बेसूर वाटत नाही.

खरी मजा पुढच्या तासाला. पट्ट्या त्याच पाच, फक्त सा हलवायचा. काळी एक सा धरली की दुर्गा रागाचे स्वर. काळी दोनवरून धानी, काळी चारवरून मधमाद सारंग आणि काळी पाचवरून मालकंस. एक जण खालच्या सप्तकात सा दाबून धरतो, दुसरा वर वाजवतो, बाकीचा वर्ग गातो. ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं, त्यामुळे एका कीबोर्डवर दोघं आरामात बसतात. खालचा सा बदलला की तेच स्वर एकदम वेगळे ऐकू येतात आणि मुलं वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघतात, याने पट्ट्या बदलल्या की काय! राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत, त्याचं चलन, म्हणजे स्वरांतून फिरण्याची रीत, असतं, ठहराव असतो, हे मी सांगतेच. पण षड्ज, म्हणजे सा, कुठे ठेवला यावर सगळं अवलंबून आहे, ही गोष्ट अकरा वर्षांच्या मुलाला फळ्यावर समजावून बघा, आणि अशी ऐकवून बघा.

मगच पांढऱ्या. पांढरी एक, म्हणजे दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पट्टी, सा घेतली तर बिलावल थाट. पं. भातखंडे यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी मांडलेल्या दहा थाटांपैकी, म्हणजे सात स्वरांच्या साच्यांपैकी, सहा नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर मिळतात: दोनवरून काफी, तीनवरून भैरवी, चारवरून कल्याण, पाचवरून खमाज, सहावरून आसावरी. पांढरी सात मी मुद्दाम सांगत नाही. यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने स्वतःच करून बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, इथं प लागूनच नाही राहिला." बरोबरच होतं तिचं. तिथे पाचवी पट्टी तीव्र मध्यमाची, म्हणजे चढ्या म ची, पडते, शुद्ध पंचम, म्हणजे प, शेजारच्या काळी तीनवर जातो. तिने ते कानाने पकडलं. त्या दिवशी मी पुढचं काही शिकवलंच नाही, सगळ्यांना तोच पंचम शोधायला लावला.

माझ्या ओळखीच्या काही गायकांना कीबोर्ड शाळेत नकोच वाटतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्यावर निघत नाही, आणि सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे त्याचा शुद्ध गंधार, म्हणजे ग, तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे त्या बारांपैकी एका भागाचा शंभरावा हिस्सा). हाच वाद पेटीवरूनही झाला होता. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. म्हणून माझ्या वर्गात नियम असा: आधी गळ्यातून, मग बोटातून. तानपुऱ्यावर गंधार गाऊन घ्यायचा, नंतर तोच कीबोर्डवर दाबायचा. तो किंचित टोचतो, आणि ज्याला टोचला त्याचा कान तयार होतोय.

बाकी व्यवस्था साधी. ऱ्हिदम आणि डेमोच्या बटणांवर पहिली सहामाही चिकटपट्टी. कीबोर्ड चारच आहेत, म्हणून उरलेली मुलं पुठ्ठ्यावर रंगवलेल्या पट्ट्यांवर बोटं फिरवतात आणि तोंडाने स्वर म्हणतात, दर पाच मिनिटांनी जागा बदलतात. हेडफोन मी सुरुवातीला देत नाही, एकमेकांचं ऐकलं पाहिजे. अडॅप्टरवर मात्र नाव लिहून ठेवा: कॅसिओच्या बऱ्याच छोट्या मॉडेलना साडेनऊ व्होल्ट लागतात, यामाहाच्या बऱ्याच मॉडेलना बारा, आणि घाईत अदलाबदल होते. एप्रिलच्या सकाळच्या शाळेत वीज गेली तर पंखे बंद पडतात, पण सहा पेन्सिल सेलवर तास चालू राहतो.

दिवाळीनंतर डावा हात. पेटीवर तो भात्यात अडकलेला असतो, इथे मोकळा आहे. आधी नुसता सा-प धरायचा, उजव्या हाताने भूप वाजवायचा. ते जमलं की त्यात ग मिळवायचा, म्हणजे मुलांची पहिली कॉर्ड, एकत्र वाजणारे तीन स्वर, तयार.