लोटस २५ (१:१२): टब जुळला, आता एक्झॉस्ट

लोटस २५ या फॉर्म्युला वन गाडीचं हे बाराव्या हिश्श्याचं मॉडेल; टब म्हणजे तिचं पत्र्याचं मुख्य धड. खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर) २३११ मिमी, म्हणजे आपल्या मापात १९२.६. टबवर चाकांच्या आसाच्या खुणा मारून मोजलं तर १९२.५ भरतं. उत्तम.

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनने १९६२ साली या गाडीत नळ्यांचा सांगाडाच काढून टाकला. दोन बाजूंना डी आकाराच्या अॅल्युमिनियमच्या पोकळ पेट्या, खाली तळाचा पत्रा, मध्ये आडवे बल्कहेड (पडदे), आणि पेट्यांच्या पोटात रबरी पिशव्यांमध्ये पेट्रोल. सगळा ताठपणा पत्र्याचा. मॉडेलमध्येही तसंच होतं, म्हणून पत्रा चढवताना घाई नको. एक बाजू पूर्ण चिकटवून मग दुसरी घेतली की टब पिळतो. मॉडेलचा आतला सांगाडा काचेवर दाबून ठेवा आणि डावी-उजवी आलटून पालटून थोडी थोडी चिकटवा.

पत्रा म्हणजे ऑफसेट छापखान्यातली वापरलेली प्लेट. कडक असते, वाकवली की चीर जाते. तिला साबण फासून मागून मंद आच द्यायची. साबण काळा पडला की लगेच बाजूला. गार झाल्यावर ती कागदासारखी वळते. आतली बाजू ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने घासली नाही, तर गोंद महिन्याभरात सुटतो.

आता एक्झॉस्ट. इथे बरेच जण फसतात. १९६२च्या कोव्हेंट्री क्लायमॅक्स व्ही-८ इंजिनाला चार जोड-नळीचे वेबर कार्बोरेटर आणि ९० अंशांचा क्रँक (पिस्टनची हालचाल फिरतीत बदलणारा दांडा). त्यामुळे एका बाजूचे काही पाइप दुसऱ्या बाजूच्या पाइपांना जाऊन मिळतात. १९६३च्या हंगामात लुकास इंजेक्शन (कार्बोरेटरऐवजी पेट्रोलचा फवारा) आणि सपाट, म्हणजे १८० अंशांचा क्रँक आला, पाइप आपापल्या बाजूला सुटसुटीत झाले. तेव्हा आधी शर्यत ठरवा, मग त्याच शर्यतीतला मागून काढलेला फोटो शोधा. संग्रहालयातल्या गाडीत नंतरचं इंजिन असू शकतं.

माझं मॉडेल दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडनच्या शर्यतीतल्या गाडीचं, २९ डिसेंबर १९६२. लोटसचा ड्रायव्हर जिम क्लार्क ८२ पैकी ६१व्या फेरीपर्यंत पुढे होता. इंजिनाचा एक बोल्ट गळाला, तेल गेलं आणि त्या वर्षीचं जागतिक विजेतेपद प्रतिस्पर्धी ग्रॅहम हिलकडे. पुढच्या वर्षी याच मॉडेलवर क्लार्कने १० पैकी ७ शर्यती मारल्या, तरी एक्झॉस्टच्या वेटोळ्यांचं सौंदर्य ६२चंच.

पाइपांना ३ मिमी सोल्डर वायर: हाताने वळते, दबत नाही. आधी आडवे जाणारे पाइप बसवा, मग बाहेरचे. उलट केलं तर आत बोट शिरत नाही. टोकं २ मिमी ड्रिलने पोकळ करायची राहिली आहेत.