गाव सोडून तंबूत कशाला?

मे महिना जवळ आला की ऑफिसात, सोसायटीत, लेडीज डब्यात मला ठरलेला प्रश्न येतो. "तुम्ही घरचे सगळे मिळून भंडारदऱ्याला तंबूत राहायला जाता म्हणे? गाव नाही का तुम्हाला? आणि जायचंच तर सरळ हॉटेल का नाही घेत?" विचारणाऱ्यांना कुतूहल असतं, काळजीही असते, कारण आमच्याबरोबर ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई असतात. घाटकोपर ते दादर एवढ्या वेळात याचं उत्तर मावत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते.

गाव आहे. संगमेश्वर तालुक्यात सासरचं घर होतं. लग्न होऊन आले तेव्हा मे महिन्यात मुंबईची सगळी बिऱ्हाडं तिथे जमायची. दीर, नणंदा, चुलत सासरे, त्यांची मुलं. पुरुष ओटीवर पत्ते खेळायचे, मुलं आंब्याखाली असायची आणि आम्ही सुना माजघराच्या पलीकडे चुलीपाशी. सकाळची भाकरी उरकली की दुपारचा भात, तो झाला की चहा, मग आंब्याचं साठ, फणसाचे गरे, रात्रीचं जेवण. पंधरा दिवस राहून मी एकदाच नदीवर गेल्याचं आठवतं, तेही कपडे धुवायला. पुढे सातबारावर नावं वाढत गेली, दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर भावकीचं एकमत होईना आणि मागची भिंत खचली. घर बंद झालं. मला त्या घराची आठवण येते. तिथल्या मे महिन्याची येत नाही, हे मी सासूबाईंनाही सांगितलेलं आहे.

मधली काही वर्षं आम्ही फक्त लग्नात आणि बाराव्या-तेराव्याला भेटत होतो. कुणी डोंबिवलीला, कुणी बदलापूरला, कुणी विरारला. हॉलमध्ये शेजारी बसायचं, "काय चाललंय" विचारायचं आणि पंगत उठली की स्टेशन गाठायचं. एक वर्ष रिसॉर्टही करून पाहिलं. प्रत्येकाला वेगळी खोली, वेगळा टीव्ही. जेवायच्या वेळी तेवढे सगळे एकत्र दिसायचे.

तंबू सुचवला मोठ्या भाऊजींनी. त्यांना तरुणपणापासून डोंगरांचा नाद. कळसूबाईला किती वेळा गेले असतील याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. १६४६ मीटरचं महाराष्ट्रातलं ते सर्वांत उंच शिखर, आणि त्याच्या आसपासच्या गावांत त्यांची ओळख. भंडारदऱ्याच्या जलाशयाजवळ एका महादेव कोळी कुटुंबाचं शेत आहे. भातशेती पावसावरची, त्यामुळे मे महिन्यात खाचरं रिकामी असतात. तिथे उतरायचं ठरलं. सुरुवातीला ताडपत्री आणि बांबू होते, आता घुमटासारखे तंबू आहेत. शेताच्या मालकांना आम्ही दादा म्हणतो. जागेचे, भाकरीचे, पाण्याचे पैसे त्यांच्या घरी रीतसर देतो. ओळख झाली म्हणून फुकटात राहणं आम्हाला कोणालाच पटत नाही.

जातो कसाऱ्याच्या लोकलने आणि तेही सोमवारी सकाळी. त्या वेळी सगळी गर्दी मुंबईकडे येत असते, कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. डबा आधी ठरलेला. आम्ही दादरला चढतो, घाटकोपरला नणंद, ठाण्याला तिची जाऊ आणि मुलं, डोंबिवलीला चुलत सासरे, कल्याणला बदलापूरची मंडळी. प्रत्येक स्टेशनवर दारातून हात बाहेर काढून "इथे, इथे" असा पुकारा होतो. टिटवाळा गेलं की पहिला डबा उघडतो, आसनगावपर्यंत शेवटचा रिकामा होतो. कसाऱ्याला पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बायका बसलेल्या असतात. तिथून ठरवलेल्या जीप घाट चढतात, इगतपुरी मागे टाकून घोटीला उजवीकडे वळतात, बारी गावावरून शेंडीला पोचतात.

या वाटेवर एक गोष्ट मी मुलांना दरवर्षी दाखवते. आसनगाव, आटगाव, खर्डी हा सगळा शहापूर तालुका. तानसा धरण इथलंच, १८९२ साली बांधून झालेलं, आणि भातसाही इथलंच. मुंबईच्या पाण्यातला फार मोठा वाटा या भागातून येतो. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढत असतात. भंडारदऱ्याचं तर आणखी वेगळं. प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्याला विल्सन डॅम म्हणतात. त्याचं पाणी कालव्यांनी खाली संगमनेर-श्रीरामपूरकडे उसाला जातं आणि वरच्या गावांना उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो. म्हणून आमच्या मुक्कामात माणशी पाणी मोजून असतं. अंघोळ अर्ध्या बादलीत. भांडी आधी राखेने घासायची, मग एकाच पाण्यात विसळायची. माझ्या पुतणीने हे शिकल्यावर घरचा शॉवर बंद केला. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मुख्य उत्तराकडे येते. घरात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. सासऱ्यांची आरामखुर्ची, सासूबाईंचं देवघर, सुनेचा ओटा, जावयाचा पाट. माणसं बदलली तरी जागा बदलत नाहीत. खाचरात उतरल्यावर या जागाच नसतात. तंबूला स्वयंपाकघर नसतं, त्यामुळे ते कुणा एकीचं होत नाही. चूल उघड्यावर, सगळ्यांच्या मध्ये. कोण कांदा चिरतंय आणि कोण नुसतं बसलंय, हे लपत नाही. पहिल्या वर्षी थोरले दीर सवयीने चटईवर आडवे झाले, तर त्यांच्याच नातीने सगळ्यांदेखत विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे काय काम आहे?" ते उठले. तेव्हापासून मसालेभाताची जबाबदारी त्यांची आणि आता त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना खपत नाही. भाकरी दादांच्या घरून येते. पिठलं, ठेचा, वांग्याचं भरीत आळीपाळीने. सासूबाई खुर्चीत बसून करवंदं निवडतात आणि मला म्हणतात, "तू जा गं, पाण्यात पाय सोडून ये." लग्नानंतर इतक्या वर्षांनी हे वाक्य मी पहिल्यांदा त्या माळावर ऐकलं. हॉटेलातही मला स्वयंपाक करावा लागला नसता, हे खरं. पण मग दिरांनीही केला नसता.

दुसरं कारण पहाऱ्याचं. ते मला जास्त जवळचं आहे.

उघड्यावर झोपायचं तर रात्री कुणीतरी जागं हवं. या भागात घोणस आहे, मण्यार आहे. मण्यार रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तिचा दंश अनेकदा झोपेत कळतही नाही. तंबूची चेन कायम बंद, बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, बॅटरीशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, हे नियम लहानांनाही पाठ आहेत. एक जीप चालकासह रात्रभर मुक्कामाला ठेवतो, काही झालंच तर मांत्रिक-बिंत्रिक न करता थेट दवाखाना गाठायला. शिवाय वळवाचा पाऊस. वारा अचानक उठतो, दोऱ्या सैल झाल्या तर तंबू उडतो. तेव्हा दोन-दोन तासांचा पहारा, दोघादोघांचा. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात, घरातलं सगळ्यात लहान मूल चिठ्ठ्या उचलतं. नवरा-बायको एकत्र नाहीत, आई-वडील आणि त्यांची मुलं एकत्र नाहीत. तशी चिठ्ठी निघाली तर परत टाकायची.

एका वर्षी दोन ते चारच्या पहाऱ्याला माझ्याबरोबर अण्णा आले. माझे चुलत सासरे. गिरणी कामगार. १९८२च्या संपात नोकरी गेली, पुढे आयुष्यभर वॉचमन म्हणून काम केलं. घरात ते कमी बोलत. लग्नात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायचे, जेवून निघून जायचे. मी सून म्हणून पाया पडण्यापलीकडे त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.

मी शेकोटीजवळ दगडावर बसले. ते म्हणाले, "बसू नकोस. बसलीस की डोळा लागेल. पाव-पाव तासाने एक फेरी मारायची, आणि प्रत्येक फेरी उलट्या बाजूने. डोळ्यांना तेच तेच दिसलं की झोप येते."

"हे वॉचमनच्या नोकरीत शिकलात का, अण्णा?"

"त्याच्या आधी. तिसऱ्या पाळीत."

मग ते गिरणीबद्दल बोलायला लागले. ते साचेखात्यात होते. शेकडो माग एका वेळी चालायचे, त्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू यायचं नाही. मग कामगार हातांनी बोलायचे. अण्णांनी मला शेकोटीच्या उजेडात एकेक खूण करून दाखवली. चिमूट धरून तटकन सोडली की धागा तुटला. खांद्यावर दोनदा बोटं आपटली की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय. दोन बोटं ओठांना लावली की चहा. तळहात उलटा करून हळूच खाली नेला की आज बदलीवाल्यांना, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्यांना, काम नाही, घरी जा. ही शेवटची खूण त्यांनी दोनदा केली. संपाबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. चार वाजता पुढची जोडी उठली तेव्हा अण्णा त्यांनाही उलट्या फेरीचं सांगत होते.

सकाळी मी मुलांना म्हटलं, अण्णाआजोबांना एक भाषा येते. दुपारपर्यंत खाचराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धागे तुटत होते, जॉबर येत होता. अण्णा मध्ये उभे राहून चुका सुधारत होते. "मनगट वळव. असं केलंस तर त्याचा अर्थ बदलतो." त्यांना एवढं मोठ्याने बोलताना त्यांच्या सख्ख्या मुलानेही पाहिलेलं नव्हतं. आता आमच्याकडच्या कुठल्याही लग्नात बँड सुरू झाला की हॉलच्या चारी कोपऱ्यांतून दोन बोटं ओठांना लागतात.

असा पहारा घरात होत नाही. घरात दाराला कडी असते आणि खाली वॉचमन असतो. पहाटे दोन वाजता भाचा आणि त्याची मामी, किंवा धाकटी जाऊ आणि तिचे मोठे दीर, दोन तास एकत्र जागे आहेत आणि हातात दुसरं काही काम नाही, असा प्रसंग मुंबईत कुठून आणणार? रेंजही धड नसते. माणूस बोलतोच. नणंदेच्या मुलाने बारावीनंतर सायन्स सोडायचं आहे हे आधी अशाच पहाऱ्यात आमच्या मोठ्या भाऊजींना सांगितलं होतं, आणि आई-वडिलांशी बोलताना ते त्याच्या शेजारी बसले.

काजव्यांबद्दल विचारता, म्हणून तेही. हो, काजव्यांसाठीच आम्ही मेचा शेवटचा आठवडा धरतो. मुंबईत पाऊस यायची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्याआधीचे हे दिवस त्यांचे. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर ते हजारोंनी बसतात आणि अख्खं झाड एका लयीत पेटतं, विझतं. तो नरांचा मादीला दिलेला इशारा असतो. त्यात आपण बॅटरी मारली, गाडीचे दिवे सोडले की मादीला तो दिसत नाही, जोडी जमत नाही आणि पुढच्या वर्षीचे काजवे तेवढे कमी होतात. त्यांच्या अळ्या ओल्या जमिनीवर राहून गोगलगायी खातात, त्यामुळे झाडाखाली पाय तुडवत जाणंही वाईटच. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, गाणी लावतात, फांदी हलवून व्हिडिओ काढतात. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, वनखातं बंधनं घालतं आणि ती पाळली जात नाहीत तेव्हा मला मनापासून राग येतो. आम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी, लांब उभे राहून, बॅटरीला लाल जिलेटीन कागद लावून आणि तीही जमिनीकडे धरून बघतो. आवाज करायचा नसतो, तेव्हा मुलं अण्णांच्या खुणा वापरतात.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांच्यासाठी दादांच्या घराचं शौचालय आहे, तंबू त्याच्या सगळ्यात जवळचा, आत चटईऐवजी घडीची खाट. औषधांचा डबा आणि डॉक्टरांची चिठ्ठी माझ्या नणंदेकडे. रतनवाडीला अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ आहे, तिथे त्यांना जीपने नेतो. बाकी वेळ त्या चुलीपाशी. पहाऱ्याच्या चिठ्ठ्यांत त्यांचंही नाव असतं, त्यांच्याच हट्टावरून. त्यांना पहिली पाळी देतो.

तुमच्याकडे करून बघायचं असेल तर पहिल्या वर्षी एकच रात्र करा. मोठ्या झाडाखाली तंबू लावू नका, वीज आणि फांदी दोन्हींची भीती. तंबूभोवती वीतभर खोल चर खणा, उताराच्या बाजूला तोंड ठेवून, आणि निघताना तो बुजवा. म्हाताऱ्या माणसांना "तुम्ही आपले हॉटेलात राहा" म्हणून वेगळं काढू नका, त्यांची सोय तिथेच करा. स्वयंपाकाची वाटणी गाडीत बसल्याबसल्या करून टाका, पोचल्यावर ती आपोआप बायकांकडे जाते. आणि दोन ते चारची पाळी कुणाला, हे चिठ्ठीवर सोडा. कुणी कितीही गळ घातली तरी जोड्या बदलून देऊ नका.