आखाजीला मी का येऊ शकत नाही

दर वर्षी चैत्र सरत आला की अमळनेरहून आईचा फोन येतो, आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती हळूच विचारते, "बेटा, आखाजीले येशी का?" खानदेशातल्या माहेरवाशिणीला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दिवाळी एक वेळ चुकली तरी चालते, पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक घरी नसली की निंबाला बांधलेला झोका रिकामा राहतो, गौराईच्या गाण्यांत एक गळा कमी पडतो आणि खापरावरच्या पुरणपोळ्या उतरवताना आईचे लक्ष दाराकडे जात राहते. जर्मनीतल्या गोटिंगनला आल्यापासून माझी एकही आखाजी माहेरी झालेली नाही. इथल्या विद्यापीठांचे उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होते, तास एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात, आणि वैशाखातली अक्षय तृतीया नेमकी त्यांच्या भरात येते. परदेशात शिकवणारीला वेळच वेळ असतो, असा समज आपल्याकडे मी पुष्कळदा ऐकला आहे. त्या समजापायी आईला चार जणींचे बोलणे ऐकावे लागते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी साखरेच्या बीटाच्या पानांवर पडणाऱ्या बुरशीच्या ठिपक्यांवर संशोधन करते. रावेर-यावलच्या केळीवर ज्याला आपण करपा म्हणतो, तो रोग आणणारी बुरशी आणि ही बुरशी एकाच कुळातल्या आहेत. वडिलांना फोनवर हे सांगितले, तेव्हा माझे काम त्यांना प्रथमच आपले वाटले. काचघरातल्या रोपांवर बीजाणूंचे पाणी फवारायचे आणि ठरलेल्या दिवशी प्रत्येक पानावरचे ठिपके मोजायचे, असे त्या कामाचे स्वरूप आहे. तो दिवस पुढे ढकलता येत नाही, कारण बुरशी आपल्यासाठी थांबत नाही.

गेल्या हिवाळ्यात, फवारणीनंतरच्या अशाच एका चौदाव्या दिवशी, सकाळी पावणेअकराला, मुलीच्या किटातून फोन आला. किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी एकत्र. मुलीला ताप भरला होता, लगेच न्यायला या, आणि ताप पूर्ण उतरून चोवीस तास झाल्याशिवाय तिला परत आणू नका, असा निरोप होता. तिचे वडील त्या वेळी हानोफरच्या गाडीत होते. मी हातातली नोंदवही प्रयोगशाळेतल्या सहकारी बाईंच्या हाती दिली, बेचाळीस रोपे उरली आहेत एवढेच सांगितले आणि निघाले. किटाच्या ओसरीत, वाचता न येणाऱ्या मुलांना आपली जागा कळावी म्हणून प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र लावलेले असते. आमच्या मुलीच्या खुंटीवर मासा आहे. त्या माशाखाली, चिखलात खेळायची रबरी विजार अंगात तशीच ठेवून, ती तिथल्या बाईंच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती. रात्री ती झोपल्यावर मी सहकारी बाईंनी पाठवलेली पानांची छायाचित्रे एकेक करून तपासली. त्यांच्या मोजणीत एकही चूक नव्हती. ती मदत मी कधीही विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी घरीच राहिले, आणि त्यासाठी मला कोणापुढेही अजिजी करावी लागली नाही. सार्वजनिक आरोग्य विमा असलेल्या आईला आणि वडिलांना, बारा वर्षांखालील मूल आजारी पडल्यास, २०२४ पासून एका मुलामागे वर्षाला प्रत्येकी १५ दिवस घरी राहता येते, आणि पगाराचा बराचसा भाग विमा भरून देतो. बाळंतपणाआधी ६ आणि नंतर ८ आठवडे भरपगारी विश्रांती असते, त्यातली नंतरची सक्तीची, तर पालकत्वाची रजा प्रत्येक मुलामागे ३ वर्षांपर्यंत घेता येते. पालकभत्ता १२ महिने मिळतो. दोघांनीही रजा घेतली तर तो १४ महिन्यांचा होतो. यजमानांनी दोन महिने घेतले, तेव्हा धुळ्याहून सासूबाईंनी काळजीने विचारले होते की नोकरीवर काही गंडांतर आले का. पुढे नात त्यांच्या मुलाच्या हातून व्हिडिओवर जेवताना दिसू लागली आणि ती काळजी ओसरली.

मात्र इथे सगळे सुखच आहे, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. इथल्या विद्यापीठांत संशोधकाला कायमची जागा फार उशिरा मिळते, आणि पुष्कळांना मिळतच नाही. २००७ च्या कायद्याने मुदतीच्या करारांना पीएच.डी.पूर्वी ६ आणि नंतर ६ वर्षांची मर्यादा घातली आहे, आणि मूल असल्यास ती प्रत्येक मुलामागे २ वर्षांनी वाढू शकते. वाढते ती मर्यादा; करार वाढवायचाच, असे बंधन त्यामुळे कोणावर येत नाही. किटाचेही तसेच आहे. वर्षाच्या पुढील प्रत्येक मुलाला १ ऑगस्ट २०१३ पासून जागेचा कायदेशीर हक्क असला, तरी जागा पुरेशा नसतात. आम्ही मुलगी पोटात असतानाच नाव नोंदवले होते, आणि जागा मिळाली ती चौदा महिन्यांची झाल्यावर.

माझ्या बाळंतपणाला आई आली होती. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या पुष्कळशा देशांच्या सामायिक अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, म्हणून तीन आठवडे आधी आलेली आई बाळ दहा आठवड्यांचे असतानाच परत गेली. बाळाच्या पहिल्या काही दिवसांत विम्याच्या खर्चाने रोज घरी येणारी हेबामे, म्हणजे इथली सुईण, बाळाला कापडाच्या झोळीत घालून काट्याला टांगून वजन करायची, आणि डिंकाचे लाडू वळता वळता आई त्या काट्याकडे बघत राहायची. एके दिवशी आईने पाय लांब करून त्यावर बाळाला पालथे घेतले, तेल चोळले आणि ओंजळीने ऊन पाणी घातले. हेबामेने पाण्यात उष्णतामापी बुडवून पाहिला, मान हलवली आणि खुणेनेच उद्या पुन्हा दाखवा म्हणाली. दोघींना एकमेकींचे अक्षरही कळत नव्हते, पण चौथ्या दिवशी हेबामे स्वतः पाय लांब करून जमिनीवर बसली होती.

आईचे ते ९० दिवस आठवले की मला माझी वहिनी आठवते. ती नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा, उत्तीर्ण आहे, पीएच.डी. आहे, आणि जळगाव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. तास बुडाला की मानधन बुडाले, असा तो हिशेब. तिची मुलगी माझ्या मुलीहून एका महिन्याने लहान. ती तापाने फणफणली तरी वहिनी तिला आईच्या कडेवर देऊन सकाळची एसटी धरते, आणि गुडघे दुखणारी आई दिवसभर त्या पोरीला घेऊन अंगणात फिरते. माझ्या आजारी लेकीचे १५ दिवस कोणीतरी मोजून कागदावर मांडले आहेत. आईच्या या दिवसांची नोंद कुठेही होत नाही. मी शिकत होते तेव्हाही ती झाली नव्हती. घरात माणसे आहेत, मग काय अडचण, असे आपण सहज म्हणतो. त्या माणसांमध्ये बहुतेक वेळा एकच बाई असते, हे मला इथे आल्यावर दिसले आणि त्याचे मला वाईट वाटते. तासिका तत्त्वावरच्या शिक्षिकेलाही मूल आजारी असताना मानधनासह घरी राहता आले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर. माझी पालकत्वाची रजा थोडी शिल्लक आहे. ती मूल आठ वर्षांचे होईपर्यंत घेता येते. मूल तीन वर्षांचे झाल्यावर घ्यायची असेल तर १३ आठवडे आधी लेखी कळवावे लागते. भत्ता मिळणार नाही, पण तेवढे महिने माझ्या कराराच्या शेवटी जोडले जातील. पुढच्या वर्षीच्या एप्रिल आणि मे महिन्यांसाठी मी काल अर्ज दिला, आणि त्या हंगामातली मोजणी सहकारी बाईंनी आपणहून अंगावर घेतली आहे. आईला अजून सांगितलेले नाही. वहिनीला मात्र सांगितले आहे, की निंबाच्या झोक्याचा दोर जुना झाला आहे, तो बदलून घे, आणि पाट जरा रुंद बघ, दोघी पोरी एकदम बसतील असा.