कंटाळा की नैराश्य?

आज संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीवर ही गर्दी! यात आतून कोण खचलंय, ते चेहऱ्यावरून कळत नाही. दिनक्रमावरून कळतं. पहाटे ३-४ ला जाग, भूक मेलेली, आंघोळीचंही ओझं, आवडत्या गोष्टीतही रस नाही. हे सलग २ आठवडे, जवळजवळ रोज चाललं असेल तर तो आळस नव्हे, नैराश्य असू शकतं. (थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्याच, तिथेही गडबड असू शकते.)

'मूड आला की फिरायला जाऊ' इथेच गाडी अडते. मूड मागून येतो, आधी पाय हलतात. ठरल्या वेळी १० मिनिटं, बस्स.

डॉक्टरांनी दिलेल्या नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ४ आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशीच वैतागून सोडतात. मरणाचे विचार येत असतील तर एकटं राहू नका, लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात.