मॉरिसटाउनची थंडी आणि कागदी डॉलर

लेकीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला हिवाळ्यात जाऊ नये. बाहेर पडायचं तर अंगावर चार थर चढवायचे आणि मॉलमध्ये शिरलं की तेच काखोटीला मारून फिरायचं. न्यूयॉर्क वगैरे यथासांग झालं, सगळीकडे गर्दी. लिहायचंय ते मॉरिसटाउनजवळच्या जॉकी हॉलोबद्दल. जावई आधीच म्हणाले होते, "बाबा, तिथे बघण्यासारखं फारसं नाही." खरंच, उतारावर ओंडक्यांच्या पाच झोपड्या, त्याही नव्याने बांधलेल्या.

एकीत वाकून शिरलो. आत जेमतेम १४ बाय १५ फूट. एका टोकाला शेकोटीची जागा, कडेला रेल्वेच्या थ्री टियरसारखे फळ्यांचे बर्थ. इथे १२ शिपाई राहायचे. फटी मातीने लिंपलेल्या, तरी वारा घुसत होता. जावयाचं जाड जॅकेट घालूनही मी पाच मिनिटांत बाहेर आलो.

इंग्रजांविरुद्ध अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. १७७९-८० च्या हिवाळ्यात सेनापती वॉशिंग्टनच्या दहा-बारा हजारांच्या फौजेने अशा हजारावर झोपड्या उभारल्या. त्या होईपर्यंत मुक्काम बर्फात, तंबूत. नाव निघतं ते त्याच फौजेच्या व्हॅली फोर्जच्या हिवाळी छावणीचं, पण थंडी इथली जबर. न्यूयॉर्कचं बंदरसुद्धा गोठलं होतं. खुद्द वॉशिंग्टन गावातल्या फोर्डबाईंच्या मोठ्या घरात राहत. तिथेही त्यांची १८ माणसं आणि बाईंची माणसं एकाच स्वयंपाकघरात कोंबलेली, सगळी सर्दीने बेजार. तशी तक्रार त्यांनी पत्रात केली आहे.

जानेवारीत वादळाने रस्ते बुजले आणि रसद थांबली. कनेक्टिकटचा शिपाई जोसेफ प्लम मार्टिन याने लिहून ठेवलंय, चार दिवस नि चार रात्री पोटात गेली ती फक्त बर्चच्या लाकडाची कुरतडलेली साल. काहींनी जुने बूट भाजून खाल्ले.

मराठी माणसाला इथे पानिपत आठवणारच. पण भाऊसाहेबांची रसद अब्दालीने तोडली होती. इथे शत्रूने काहीच तोडलं नव्हतं. न्यू जर्सीत धान्य होतं, गुरं होती. शेतकरी विकेना, कारण काँग्रेसचे, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी सरकारचे, कागदी डॉलर रद्दीच्या मोलाचे झाले होते. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच ४० कागदी डॉलरला एक चांदीचा, असा भाव मान्य केला. त्या शेतकऱ्याला बोल लावायला माझी जीभ रेटत नाही. त्याआधी जानेवारीतच वॉशिंग्टननी एकेका काउंटीला गुरं आणि धान्याचा वाटा ठरवून दिला. द्या, नाहीतर शिपाई येऊन नेतील. लोकांनी निमूट दिला.

माणसं टिकवणं त्याहून कठीण. पगार महिनोन्‌महिने थकलेला. मेमध्ये कनेक्टिकटच्या पलटणी भुकेपायी उठल्या. १ जानेवारी १७८१ ला, याच टेकड्यांत, पेनसिल्व्हेनियाच्या फौजेने बंड केलं. भरती 'तीन वर्षं किंवा युद्ध संपेपर्यंत' अशी होती. शिपाई म्हणाले, तीन वर्षं भरली, सोडा. अधिकारी म्हणाले, युद्ध कुठे संपलंय? इंग्रजांनी फितवायला दोन माणसं पाठवली, तर बंडवाल्यांनीच ती पकडून दिली आणि दोघं फासावर गेले. वाटाघाटींत हजारावर शिपायांना मोकळं करावं लागलं.

ते बघून त्याच महिन्यात न्यू जर्सीचे शिपाई उठले. या वेळी वाटाघाटी नाहीत. दोन म्होरक्यांना गोळ्या घातल्या, त्याही त्यांच्याच साथीदारांकरवी. वॉशिंग्टनबद्दल मला आदर आहे, पण पगार थकवणाऱ्यांनी असं वागावं, हे मला पटलेलं नाही.