पुस मॉथ १/१२ : पांढरा डोप, वाकडा डावा पंख आणि हरवलेले ०.९ ग्रॅम

पुस मॉथ या जुन्या विमानाचं बाराव्या हिश्श्याचं उडतं मॉडेल बनतंय. त्याच्या बाल्साच्या पंखांवर टिश्यू (पातळ कागद) चढवायची आणि तिच्यावर डोप (टिश्यू ताणून बंद करणारं नायट्रोसेल्युलोजचं लुकण) मारायचा. मागच्या नोंदीत ‘दोन्ही पंख झाकून झाले’ असं लिहिलं होतं. ते निम्मं मागे घ्यावं लागतंय. उजवा पंख झाला आहे. डाव्याने जुलैचे तीन आठवडे खाल्ले. आता तो सरळ आहे, म्हणूनच ही नोंद. काय बिघडलं ते इतक्या तपशिलात लिहिण्याचं कारण एवढंच की ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी अशा खाडीकाठच्या हवेत जो कोणी पावसाळ्यात टिश्यू-डोप करेल त्याच्यावर ही वेळ येऊ शकते.

नव्यांसाठी मापं पुन्हा एकदा. मूळ पुस मॉथचा (डी हॅविलँड डीएच ८०ए) पंखविस्तार ११.२० मीटर आणि लांबी ७.६२ मीटर. बाराने भागलं की ९३३ आणि ६३५ मिमी. पंखांचं क्षेत्रफळ साधारण १४ चौ. डेसिमीटर. वजनाचं लक्ष्य २१० ग्रॅम, म्हणजे ड्रोन-नियमांतल्या २५० ग्रॅमच्या नॅनो वर्गात आरामात. उड्डाणाची तारीख अर्थातच १५ ऑक्टोबर. १९३२ मध्ये त्याच दिवशी जेआरडी टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पुस मॉथमध्ये टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल भरलं (तिथे ते बैलगाडीतून आलं होतं) आणि जुहूला उतरले. पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंत ते नेलं त्यांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिंटसेंट यांनी. त्या विमानाची नोंदणीची अक्षरं व्हीटी-एडीएन, आणि आपल्या मॉडेलवरही तीच.

आता डावा पंख.

पहिली खोड पांढरेपणाची. वरच्या बाजूला डोपचा दुसरा हात मारला आणि पाच मिनिटांत टिश्यूवर दुधाची साय धरल्यासारखे डाग आले. खोलीतली आर्द्रता ८८ टक्के, तापमान २८ अंश. यात डोपचा दोष नसतो. नायट्रेट डोपमधलं थिनर झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. टिश्यू दवबिंदूच्या खाली गेली की हवेतलं पाणी ओल्या थरावर बसतं, आणि पाणी शिरलं की नायट्रोसेल्युलोज द्रावणातून बाहेर पडून पांढरं गोठतं. ८८ टक्क्यांना हवा दवबिंदूपासून जेमतेम दोन अंश दूर असते. तेवढं थंड व्हायला थिनर लागतंच किती!

यावर सगळीकडे दिलेला सल्ला म्हणजे थिनरचा हलका हात फिरवा, डोप पुन्हा विरघळेल आणि पांढरं जाईल. तो पाळला. कापसाच्या बोळ्याने थिनर फिरवलं, पांढरं गेलं, टिश्यू काचेसारखी झाली. समाधान झालं. वरच्या बाजूला राहिलेला तिसरा हातही मारला. इथेच चूक झाली होती, पण ती कळायला आणखी दोन आठवडे गेले.

दुसरी खोड पिळाची. दोन्ही पंखांच्या टोकाला २ अंश वॉशआउट ठेवला होता, म्हणजे टोकाकडे ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड) किंचित वर उचललेली. १५० मिमी कॉर्डला (पंखाची पुढून मागे रुंदी) तो ट्रेलिंग एजच्या ५ मिमी उचलीइतका होतो. जिगमधून (पंख आकारात धरणाऱ्या साच्यातून) काढल्यावर डावा ५ मिमी, उजवा ५ मिमी, सगळं छान. चार दिवसांनी डावा दीड मिमीवर. पुन्हा जिगमध्ये दाबून वाफ दिली, ५ वर आणला. तीन दिवसांनी पुन्हा दोन. उजवा मात्र जागचा हलत नव्हता.

संशय आधी टिश्यूच्या धाग्यावर गेला. टिश्यू धाग्याला आडवी जास्त आकसते, म्हणून धागा पंखाच्या लांबीच्या दिशेने हवा. उरलेला तुकडा फाडून पाहिला. सरळ फाटतो ती धाग्याची दिशा, वेडावाकडा फाटतो ती आडवी. धागा बरोबर होता. मग संशय लाकडावर. एकाच पाकिटातल्या दीड मिमीच्या बाल्सा शीटमध्ये (१०० × १००० मिमी) १५ ग्रॅमची शीट निघते आणि २४ ग्रॅमचीही, म्हणजे घनता १०० आणि १६० किलो प्रति घनमीटर. विकणारे सगळ्यावर एकच ‘लाइट’ शिक्का मारतात. शीट न तोलता विकत घेऊ नये, हे मत आता पक्कं झालंय. पण नोंदवही पाहिली तर दोन्ही ट्रेलिंग एज एकाच शीटमधून कापलेल्या. लाकूडही सुटलं.

उलगडा झाला तो मोजमापांची वेळ लिहायला लागल्यावर. आठ दिवस रोज दोनदा वॉशआउट आणि आर्द्रता लिहिली. सकाळी ८ वाजता, बाहेर पाऊस, ९१ टक्के, डावा ०.५ मिमी. दुपारी एसी ‘ड्राय’वर ठेवून दोन तासांनी ५६ टक्के, डावा ४ मिमी. दुसऱ्या सकाळी पुन्हा एकाच्या खाली. डोप आकसत राहिल्याने पीळ पडत असता तर तो एकाच दिशेने वाढत गेला असता. हा तर हवेबरोबर येत-जात होता. याचा अर्थ पंखाची एक बाजू पाणी पीत होती आणि दुसरी नाही.

डोपने बंद न झालेली टिश्यू दमट हवेत सैल पडते, कोरड्यात ताणते. वरची सैल पडली की खालची ताणलेली टिश्यू ट्रेलिंग एज खाली ओढते. पुढचा भाग १ मिमी बाल्साने मढवलेला, त्यामुळे तो हलत नाही. सगळा पीळ मागच्या, टोकाकडच्या भागात जातो. वॉशआउट गायब होण्याची दिशा नेमकी हीच.

मग सोनारी डिजिटल काटा काढला. आधी दोन्ही पंख रात्रभर एसी खोलीत ठेवले. हे महत्त्वाचं आहे, कारण ९ ग्रॅमचा सांगाडा नुसत्या हवेतल्या ओलाव्याने अर्धा ग्रॅम इकडचा तिकडे होतो. उजवा : सांगाडा ९.३, टिश्यू १.६, डोपचे सहा हात (वर तीन, खाली तीन) ३.०, एकूण १३.९. डावा यायला हवा होता १३.८, भरला १२.९. नऊशे मिलिग्रॅम डोप बेपत्ता, म्हणजे जवळजवळ दोन हात. कापसाचा तो बोळा! पांढरं घालवताना त्याच्यासोबत वरच्या बाजूचा बहुतेक डोप पुसला गेला होता. ‘तीन हात झाले’ ही वहीतली नोंद खरी होती, पण पंखावर एकच शिल्लक होता. यापुढे हात मोजायचे नाहीत, ग्रॅम मोजायचे. एका बाजूच्या एका हाताला ०.५ ग्रॅमच्या आसपास भर पडायला हवी.

दुरुस्ती अशी केली. खोली आणि पंख दोन्ही ५५ टक्क्यांवर आणले, एसी ड्राय मोडवर दोन तास. डोप आणि थिनर समसमान, त्यात एकूण मिश्रणाच्या १० टक्के रिटार्डर. रिटार्डर म्हणजे सावकाश उडणारा द्रावक. तो असला की पृष्ठभाग फार थंड पडत नाही, आणि पाणी बसलंच तरी ते उडून जाईपर्यंत डोप ओला राहतो. २० टक्क्यांच्या वर गेलात तर टिश्यू दिवसभर चिकट राहते आणि रिबच्या (पंखाच्या फासळ्यांच्या) मध्ये झोळ पडतो. नौपाड्यातल्या रंगाच्या दुकानांत ‘रिटार्डर’ मागितलं की बिननावाची बाटली पुढे येते. ब्युटाइल सेलोसॉल्व असं लिहिलेली बाटली मागा. शंका वाटली तर काचेवर एक थेंब तिचा आणि एक साध्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरचा टाका. दोन्ही एकदमच उडाले तर पैसे थिनरचेच गेले असं समजा. आणि डोपऐवजी सँडिंग सीलर चालतो असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. त्यात घासण्यासाठी भरड घातलेली असते, वजन वाढतं आणि ताण येत नाही.

३० मिलि मिश्रणात एरंडेल तेलाचे तीन थेंब. यामुळे डोप लवचीक राहतो आणि महिन्याभराने टिश्यू तडकत नाही. पाच थेंब घातलेल्या चाचणी-तुकड्यावर घरातली सगळी धूळ येऊन बसली.

पंख १८ मिमी प्लायवूडच्या पाटावर, टोकाला ट्रेलिंग एजखाली ५ ऐवजी ७ मिमीची पट्टी. सोडल्यावर पंख दीड-दोन मिमी परत येतो, तेवढं आधीच जास्त द्यायचं. २५ मिमीचा मऊ चपटा ब्रश, एकदाच ओढायचा, परत त्यावरून फिरवायचा नाही, कारण खालचा थर लगेच विरघळतो. पहिला हात ०.४५ ग्रॅम, तीन तासांनी दुसरा ०.४७. पांढरेपणाचा एकही डाग नाही. ७२ तास पाटावर.

एसीची खोली बंद ठेवून डोप मारू नका. हात मारताना खिडकी फटीएवढी उघडी आणि एक्झॉस्ट चालू, मग पाच-सात टक्के आर्द्रता वाढली तरी चालेल. पंख सुकवायला बल्बचं खोकं (पुठ्ठा, आत ६० वॅटचा बल्ब) उत्तम काम करतं. २८ अंशांची ८८ टक्के हवा ३८ अंशांवर नेली की तीच ५० टक्के होते. पण ते दुसऱ्या दिवशी, थिनरचा वास पूर्ण गेल्यावरच. नायट्रेट डोपची वाफ आणि तापलेला बल्ब एका खोक्यात नकोत.

निकाल : जिगमधून ५.५ मिमी. पुढच्या सहा दिवसांत, दोन मुसळधार धरून, ४.६ ते ५.३ मध्येच. अर्ध्या मिमीचा खेळ उजव्यातही आहे, त्याला हरकत नाही. पंखावर बोट वाजवलं की ढोलकीच्या शाईसारखा टणक आवाज येतो, हे मात्र दिवसातून चारदा तपासलं जातंय.

पण यातूनच एक बेत बदलला. पंखाखालचे व्ही स्ट्रट (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या काठ्या) आतापर्यंत शोभेचे ठरवले होते, चुंबकावर अडकवायचे. आता ते खरं काम करतील. बांबूची २ मिमीची कामटी, तिच्यावर बाल्साचा अश्रूच्या आकाराचा छेद. मागच्या स्ट्रटच्या वरच्या टोकाला पितळी नळीत सरकणारी ०.८ मिमीची तार. मैदानावर तार सरकवून वॉशआउट नेमका बसवायचा आणि सीएच्या (झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या) थेंबाने पक्का करायचा. ऑक्टोबरातल्या कोरड्या दुपारी टिश्यू पुन्हा ताणेल तेव्हा हे उपयोगी पडेल.

कामटी हातात घेऊन दाबली तर मध्ये धनुष्यासारखी वाकते, विशेषतः पुढची. पंखावर वरून दाब आला, म्हणजे आदळत उतरताना, तर ती मोडणार. आणि इथे मूळ विमानाचाच इतिहास आडवा येतो. पुस मॉथ हवेत मोडण्याचे अपघात १९३० च्या ऑक्टोबरात पश्चिम ऑस्ट्रेलियात सुरू झाले. दीर्घ तपासात बोट पुढच्या स्ट्रटकडे गेलं, आणि त्याच्या मध्यापासून मागच्या स्ट्रटपर्यंत एक छोटा आडवा स्ट्रट टाकून तो बळकट केला गेला. गंमत म्हणजे त्याच काळात हे विमान विक्रमही करत होतं. ऑगस्ट १९३२ मध्ये जिम मॉलिसनने याच जातीच्या विमानातून एकट्याने अटलांटिक पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडला, नोव्हेंबरात एमी जॉन्सन केपटाउनला गेली. तो आडवा तुकडा मॉडेललाही लागू पडतो. दाबाखालच्या काठीची मोकळी लांबी निम्मी झाली की त्या पातळीत वाकायला चौपट भार लागतो. वजन दोन्ही बाजूंचं मिळून ०.३ ग्रॅम. बसवायचा.

शेपटाचाही बेत बदलला. तिथे नुसती टिश्यू नाही. आधी ५ मायक्रॉनची पॉलिएस्टर फिल्म (७ ग्रॅम प्रति चौ. मीटर), कमी आचेच्या इस्त्रीने ताणलेली, आणि तिच्यावर डोपने टिश्यू. फिल्म पाणी पीत नाही आणि पिळाला कडक असते. पंखांना हे सुचलं असतं तर जुलै वाचला असता. पण झाकलेले पंख उसवायचे नाहीत.

बाकी थोडक्यात. मूळ विमानात जिप्सी ३ हे उलटं बसवलेलं, १२० अश्वशक्तीचं इंजिन. त्यामुळे नाकाचा वरचा भाग उतरता आणि पोट खोल. त्या पोटात ३०० एमएएचची टू-एस (दोन सेलची) बॅटरी बरोबर मावली, गुरुत्वमध्य शिसं न घालता कॉर्डच्या ३० टक्क्यांवर आला. व्हीटी-एडीएन ही अक्षरं काळ्या टिश्यूतून कापून डोपने चिकटवणार, सगळी मिळून ०.४ ग्रॅम. व्हायनिलची चाचणी ३ ग्रॅमवर गेली होती.

आणि हे लिहिता लिहिता सुचलेलं. मूळ विमानात चाकांच्या वरच्या शॉक-स्ट्रटचं आवरण ९० अंशांत फिरवून एअरब्रेक करता यायचं. १/१२ मध्ये ते आवरण जेमतेम १० मिमी रुंद आहे, ब्रेक म्हणून परिणाम नगण्य असेल, पण रिसीव्हरचा एक चॅनल रिकामाच आहे. १.७ ग्रॅमचा लिनियर सर्वो (सरळ रेषेत ढकलणारी छोटी मोटर) मागवलाय. दोन्ही आवरणं एकाच तारेवर फिरवायची की वेगळी, ते त्याची खेच मोजल्यावर ठरेल.

आज सकाळचे आकडे : आर्द्रता ९३, डावा ४.७, उजवा ४.९.